हॅरो कौन्सिल निवडणूक २०२२: मजूर पक्षाच्या ११ जागा गेल्या, हुजूर पक्षाच्या ३ वाढल्या. उरलेल्या ८ कुठे?

कंदील
५ मे २०२२ ला झालेल्या लंडन बरोंच्या (शहरातल्या भागवार पालिकांच्या) निवडणुकांचे निकाल हाती आले. हॅरोचा तक्ता बघताना हिशोब काही लागत नाही. २०१८ मध्ये मजूर पक्ष (लेबर) ३५, हुजूर पक्ष (कन्झर्व्हेटिव्ह) २८. २०२२ ला हुजूर ३१, मजूर २४. मजूर पक्षाच्या ११ गेल्या, हुजूरला मात्र ३च मिळाल्या. लिबरल डेमोक्रॅट, ग्रीन, अपक्ष, कुणाचंच खातं उघडलेलं नाही. मग बाकीच्या ८ गेल्या कुठे?

दुसरं असं की त्याच दिवशी वेस्टमिन्स्टर, वॉन्ड्सवर्थ आणि बार्नेट हे हुजूर पक्षाचे जुने गड मजूर पक्षाने घेतले. हॅरोच तेवढं उलट का गेलं? जाणकारांनी लिहावं.

गणिती_गोंधळ
त्या ८ जागा आता अस्तित्वातच नाहीत. सीमा आयोगाने हॅरोची फेररचना केली आणि ६३ नगरसेवकांचे ५५ झाले. पूर्वी २१ वॉर्ड, प्रत्येकात ३ जण. आता २२ वॉर्ड, त्यातले ११ तिघांचे आणि ११ दोघांचे.

अशा वेळी जागांची वजाबाकी करू नका, हिस्सा काढा. मजूर पक्ष ६३ पैकी ३५, म्हणजे ५५.६ टक्के होता. २०२२ ला ५५ पैकी २४, म्हणजे ४३.६. हुजूर पक्ष ४४.४ वरून ५६.४ वर. बारा टक्के इकडून तिकडे, हिशोब चोख. बहुमताचा आकडाही ३२ वरून २८ वर आलाय.

आणखी एक खड्डा आहे. वॉर्डाचं नाव तेच राहिलं तरी हद्द तीच असते असं नाही. 'अमक्या वॉर्डात २०१८ पेक्षा इतकी मतं घटली' असं वाचलं की आधी दोन्ही नकाशे शेजारी ठेवा. वाहिन्या कधी जुन्या प्रत्यक्ष आकड्यांशी तुलना करतात, तर कधी जुनी मतं नव्या हद्दींवर अंदाजाने बसवून, त्यामुळे दोन ठिकाणी दोन वेगळे 'बदल' दिसतात.

पोहे_विथ_चहा
म्हणजे मतदारांच्या आधी नकाशानेच ८ जणांना घरी बसवलं. हसून हसून पुरेवाट.

नळबाजार
आणि आपल्याकडे मुंबईत २०२२ ला २२७ नगरसेवकांचे २३६ करायचं चाललं होतं. तेही निवडणूक कधी ते माहीत नसताना. त्या मार्चपासून प्रशासक बसला होता.

शंकासुर_पेठेतला
अवांतर: एका वॉर्डात तीन नगरसेवक म्हणजे आपल्या पुण्याच्या प्रभागासारखंच झालं की. २०१७ ला आपण चार बटणं दाबली होती, इथे तीन फुल्या.

मोजणी_टेबल
@शंकासुर, वरवर सारखं दिसतं, आतली यंत्रणा वेगळी आहे. पुण्याच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार स्वतंत्र लढती असतात. 'अ' मधला उमेदवार 'ब' मधल्याशी लढत नाही, प्रत्येक लढतीचा विजेता वेगळा, आणि आरक्षणही जागेवार. हॅरोत तिघांच्या वॉर्डात एकच मतपत्रिका, सगळे उमेदवार एकाच यादीत, आणि पहिले तीन निवडून आले. एकाच पक्षाचे तिघे एकमेकांशीही लढत असतात, फक्त तसं कुणी बोलून दाखवत नाही. आरक्षण नाही, नोटा नाही.

मतदाराला जास्तीत जास्त तीन फुल्या मारता येतात. एक किंवा दोन मारल्या तरी मत वैध. चार मारल्या की अख्खी मतपत्रिका बाद.

मोजणी कशी होते ते लिहितो, कारण निकालातले निम्मे गैरसमज तिथूनच येतात.

पहिला टप्पा पडताळणीचा. पेटी रिकामी करून मतपत्रिका उलगडायच्या, नुसती संख्या मोजायची आणि केंद्राध्यक्षाने लिहून दिलेल्या हिशोबाशी ताडायची. कुणाला किती मतं हे इथे कुणी बघत नाही, निदान अधिकृतपणे तरी नाही. उमेदवारांचे प्रतिनिधी मात्र टेबलासमोर उभं राहून वहीत रेघा मारत असतात, आणि त्यांचा अंदाज बऱ्याचदा बरोबर निघतो. एकट्या पेटीची मतं तशीच मोजत नाहीत. ती दुसऱ्या पेटीत किंवा टपाली मतांत मिसळावी लागतात, म्हणजे एखाद्या मोहल्ल्याने कुणाला मत दिलं ते कळू नये.

दुसऱ्या टप्प्यात वर्गवारी. तिन्ही फुल्या एकाच पक्षाच्या तिघांना असतील तर ती एकगठ्ठा मतपत्रिका. त्यांचे गठ्ठे बांधले की एका गठ्ठ्याची संख्या तिघांच्याही नावावर चढते. हे झटपट होतं.

खरा वेळ खाते ती फूट. दोन फुल्या मजूरला, एक ग्रीनला. किंवा शेजारच्या ओळखीच्या उमेदवाराला एकच. या पत्रिका सुट्या मोजाव्या लागतात. काही ठिकाणी एक जण वाचतो आणि दुसरा तक्त्यावर पाच-पाचच्या रेघा मारतो. काही ठिकाणी मतपत्रिका लांब कागदावर एकीवर एक सरकवून अशा लावतात की फक्त फुल्यांचे रकाने दिसतात, मग आडवी बेरीज करायची. दुसऱ्या पद्धतीत तपासणी सोपी, कारण पत्रिका डोळ्यासमोर राहते.

चूक बहुधा कुठे होते? एकगठ्ठ्यात एखादी फुटलेली पत्रिका घुसते. म्हणून प्रत्येक गठ्ठा दुसऱ्या माणसाने पत्त्यांसारखा फिरवून बघायचा असतो. पहाटे तीनला हीच पायरी उरकली जाते. तिसऱ्या जागेचं अंतर वीस-तीस मतांचं असेल तर फेरमोजणी मागताना 'आमचे गठ्ठे पुन्हा फिरवा' एवढंच मागावं. सगळं पुन्हा मोजा म्हटलं तर निवडणूक अधिकारी अवाजवी म्हणून नाकारू शकतो.

समसमान झाली तर चिठ्ठी.

गणिती_गोंधळ
@मोजणी_टेबल, उत्तम. याला जोडून टक्केवारीचं. मनातला एक वॉर्ड घ्या, हॅरोचा नव्हे.

मतदार ९,६००. पेटीतून निघालेल्या मतपत्रिका ३,६००. तीन जागा. 'क' पक्षाचे तिघे: १७००, १६४०, १५८५. 'ख' पक्षाचे तिघे: १६६०, १६००, १५४०. ग्रीनचा एकच उमेदवार: ५७५.

निवडून कोण? १७००, १६६०, १६४०. म्हणजे 'क'ला दोन, 'ख'ला एक. तिसरी जागा ४० मतांनी गेली, दोन्ही पक्षांच्या पहिल्या उमेदवारांतलं अंतरही ४०च.

मतदान किती टक्के? ३,६०० भागिले ९,६००, म्हणजे ३७.५. एकूण मतांची बेरीज १०,३०० होते. ती मतदारसंख्येने भागली तर १०७ टक्के मतदान निघतं. व्हॉट्सॲपवर घोटाळा झाल्याचा निरोप फिरायला एवढं पुरतं.

ग्रीनला किती टक्के? सगळी मतं मिळवून काढलं तर ५७५ भागिले १०,३००, म्हणजे ५.६. प्रत्येक पक्षाचा फक्त पहिला उमेदवार धरला तर ५७५ भागिले ३,९३५, म्हणजे १४.६. आणि मतपत्रिकांच्या हिशोबात १६ टक्के लोकांनी ग्रीनला फुली मारलीय. तिन्ही आकडे खरे. एकच उमेदवार देणाऱ्या पक्षावर पहिली पद्धत अन्याय करते, दुसरी त्याला जरा फुगवते. म्हणून 'अमुक पक्षाला बरोत इतके टक्के' असं कुणी म्हटलं की पद्धत विचारा.

शिवाय ३,६०० पत्रिकांवर १०,८०० फुल्या बसल्या असत्या. ५०० वापरल्याच नाहीत लोकांनी.

रेल्वेलाईन
हे वाचून लंडनचाच रिचमंड बरो लक्षात आला. तिथे लिब डेम ४८, ग्रीन ५, हुजूर फक्त १. ग्रीनला पाच जागा अशाच आल्या: काही वॉर्डांत लिब डेमनी तीनऐवजी दोनच उमेदवार दिले आणि तिसरी फुली ग्रीनला मोकळी ठेवली. ही पद्धत जागा सोडण्याच्या समझोत्याला फार सोयीची. एका जागेच्या वॉर्डात एवढं बेमालूम जमत नाही.

उलट लुइशममध्ये ५४ पैकी ५४ मजूर पक्षाचे आले. बार्किंग अँड डॅगनममध्ये ५१ पैकी ५१. विरोधी पक्षनेत्याची खोली आता झाडू ठेवायला.

अक्षरओळख
मतपत्रिकेवरचा क्रम आडनावाच्या रोमन अक्षरानुसार असतो, पक्षानुसार नाही. एकाच पक्षाच्या तिघांत वरच्या नावाला थोडी जास्त आणि खालच्याला थोडी कमी मतं हे पुन्हा पुन्हा दिसतं. लोक वरून खाली येतात, दोन फुल्या झाल्या की कंटाळतात. काठावरच्या वॉर्डात पक्षाची तिसरी जागा जाते ती बऱ्याचदा यादीत तळाला असलेल्याची.

पोहे_विथ_चहा
म्हणजे अभ्यंकर आणि आपट्यांनी उभं राहावं, झेंड्यांनी पत्रकं वाटावीत.

शेवंती
@पोहे, हसू नका, उमेदवारी देताना हे बघतात.

उभं राहायचा विषय निघालाच आहे तर: नगरसेवकपदाला अनामत रक्कम नाही. प्रस्तावक आणि अनुमोदक अशा दोनच सह्या लागतात. पूर्वी दहा लागायच्या. वय १८, आणि बरोशी नातं: तिथल्या मतदार यादीत नाव, किंवा मागचे १२ महिने तिथे वास्तव्य, नोकरी अथवा मालकीची किंवा भाड्याची जागा. त्याच कौन्सिलमध्ये नोकरी करणाऱ्याला उभं राहता येत नाही.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी फरक नीट लक्षात घ्या. मत द्यायला कुठलाही वैध व्हिसा चालतो, विद्यार्थी असो की नोकरीचा, कारण आपण राष्ट्रकुलात आहोत. उभं राहायला मात्र कायम वास्तव्याचा परवाना हवा. दर वेळी निम्मे लोक 'आपण नागरिक नाही' म्हणून नावच नोंदवत नाहीत. २०२२ ला नोंदणीची मुदत १४ एप्रिल होती, टपाली मतासाठी १९ एप्रिल संध्याकाळी पाच. नोंदणी ऐच्छिक आहे हाही गैरसमज. कौन्सिलने मागूनही नाव दिलं नाही तर ८० पौंड दंड होऊ शकतो.

नळबाजार
केंद्रावर काय दाखवायचं? आधार कार्ड चालेल का? ;)

शेवंती
२०२२ ला काहीच लागलं नाही, नाव-पत्ता सांगितला की मतपत्रिका हातात. पण २८ एप्रिल २०२२ ला नवा निवडणूक कायदा झाला, त्याने छायाचित्र ओळखपत्र सक्तीचं केलं. राष्ट्रकुलातल्या देशाचा पासपोर्ट त्या यादीत आहे, भारतीय वाहन परवाना नाही.

डाकघर
टपाली मतं का बाद होतात तेही सांगून टाकतो. पाकिटात चार वस्तू: मतपत्रिका, 'ए' लिफाफा, 'बी' लिफाफा आणि जन्मतारीख व सही करायचं निवेदन. मतपत्रिका 'ए'त, मग 'ए' आणि निवेदन 'बी'त. चुका ठरलेल्या: निवेदन टाकायला विसरणे, जन्मतारखेच्या चौकटीत आजची तारीख, वर्षांपूर्वी अर्जावर केलेली पूर्ण सही आणि आता नुसती आद्याक्षरं. नवरा-बायकोची निवेदनं अदलाबदल झाली तर मात्र दोन्ही पाकिटं पोचल्यावर क्रमांकावरून जोडी लावता येते. पोस्टात टाकायला उशीर झाला तर मतदानाच्या दिवशी रात्री दहापर्यंत आपल्या भागातल्या केंद्रावर हाताने देता येतं.

कंदील
सगळे प्रतिसाद वाचतोय, पहिल्या प्रश्नाचं समाधान झालं. दुसरा अजून बाकी आहे.

माळकरी
दुसऱ्याचं उत्तर सरळ आहे. २०११ च्या जनगणनेत हॅरोत हिंदू २५.३ टक्के, इंग्लंड-वेल्समध्ये सर्वाधिक. मजूर पक्षाने सप्टेंबर २०१९ च्या अधिवेशनात काश्मीरवर भारताच्या भूमिकेविरुद्ध ठराव केला आणि हा मतदार दुरावला. हॅरो ईस्ट या संसदीय मतदारसंघात हुजूर पक्षाचे खासदार बॉब ब्लॅकमन यांचं मताधिक्य २०१७ ला १,७५७ होतं, २०१९ ला ८,१७० झालं. तीच लाट आता कौन्सिलपर्यंत आली.

रेल्वेलाईन
@माळकरी, अर्धवट सहमत. पण मग लगतचं ब्रेंट बघा. तिथेही गुजराती वस्ती मोठी, आणि निकाल मजूर ४९, हुजूर ५, लिब डेम ३. ठराव दोन्हीकडे तोच होता. आणि २०१९ मध्ये देशभर हुजूरची हवा होती, त्या वर्षीचं सगळं मताधिक्य काश्मीरच्या खात्यात कसं टाकता?

माळकरी
ब्रेंटमध्ये हुजूर पक्षाची संघटना फार पूर्वी खचली. हॅरोत २०१८ लाही २८ जण होते. ज्याच्या हातात आधीच २८ आहेत त्याला थोडा वारा पुरतो.

रेल्वेलाईन
हे पटलं. पण मग वारा कुठलाही असू शकतो, हेही आलंच की.

मोजणी_टेबल
माझ्या मते कोण सत्तेत होतं ते आधी बघा. वेस्टमिन्स्टर १९६४ पासून हुजूरकडे, वॉन्ड्सवर्थ १९७८ पासून. तिथे पार्टीगेटचा (लॉकडाउनमधल्या सरकारी पार्ट्यांचा) दंड आणि १ एप्रिलला वाढलेली वीज-गॅसची बिलं यांचा राग काढायला समोर हुजूर कौन्सिल होतं. हॅरोत कौन्सिल मजूर पक्षाचं होतं. कराचं बिल, पार्किंग, स्टेशनाजवळचे उंच इमले, कचऱ्याचे डबे, सगळं त्यांच्या नावावर. लंडनमध्ये नगरसेवकाच्या हातात शाळा, वृद्धांची देखभाल, बांधकाम परवाने, कचरा, वाचनालयं आणि पार्किंग. भुयारी रेल्वे, बस आणि पोलीस महापौर सादिक खान यांच्याकडे.

क्रॉयडनही याच साच्यातलं. मजूर पक्षाच्या कौन्सिलने नोव्हेंबर २०२० मध्ये हिशोब जुळत नसल्याची कलम ११४ ची नोटीस काढली, म्हणजे जवळजवळ दिवाळखोरीच. २०२२ ला ७० पैकी मजूर ३४, हुजूर ३३, ग्रीन २, लिब डेम १. आणि थेट निवडलेले महापौर जेसन पेरी हुजूर पक्षाचे, दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर ५८९ मतांनी. तिथे जागांचा तक्ता बघून सत्ता कळतच नाही. महापौराचं अंदाजपत्रक बदलायला सभागृहात दोन तृतीयांश लागतात, आणि तेवढे कुणाकडेच नव्हते.

टॉवर हॅम्लेट्सलाही मजूर पक्षाचा महापौर पडला, लुत्फुर रहमान परत आले. २०१५ मध्ये न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली होती. त्यांच्या अस्पायर पक्षाला ४५ पैकी २४.

साचा सगळीकडे बसत नाही हेही खरं. हिलिंग्डनमध्ये हुजूर पक्षाने ३०-२३ असं राखलं. तरी हॅरोचं कोडं पक्षाच्या वाऱ्यापेक्षा सत्ताधाऱ्यावरच्या रागाने जास्त सुटतं.

सोनचाफा_४२
+१. आता नवे सत्ताधारी कर कमी करणार का?

गणिती_गोंधळ
फार हलवता येत नाही. २०२२-२३ साठी सार्वमत न घेता वाढीची मर्यादा ३ टक्क्यांच्या आत होती: २ सर्वसाधारण आणि १ वृद्ध-अपंग देखभालीसाठी. बिलातला एक भाग लंडनच्या महापौरांचा, घराच्या किमतीवरून ठरणाऱ्या 'डी' गटाला २०२२-२३ मध्ये ३९५.५९ पौंड, तो हॅरोच्या हातात नाही. आणि एप्रिल २०२२ चे १५० पौंड परत आले ते केंद्र सरकारचे, 'ए' ते 'डी' गटांसाठी. कौन्सिलने फक्त वाटप केलं, पण शिव्या आणि आभार दोन्ही त्यालाच.

२०२२-२३ चं अंदाजपत्रक निवडणुकीआधीच मंजूर झालं होतं. नव्या सत्तेचं पहिलं खरं अंदाजपत्रक २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमधलं.

शंकासुर_पेठेतला
प्रचाराला खर्च किती करता येतो? आपल्याकडच्या आकड्यांच्या तुलनेत?

शेवंती
तुलना नका करू, रडू येईल. २०२२ ला मर्यादा होती एका उमेदवाराला ८०६ पौंड अधिक प्रत्येक मतदारामागे ७ पेन्स. गणितींच्या ९,६०० मतदारांच्या वॉर्डात १,४७८ पौंड. तिघांनी मिळून एकच पत्रक काढलं, म्हणजे संयुक्त उमेदवार झाले, तर प्रत्येकाची मर्यादा एक तृतीयांशाने घटते: साधारण ९८५, तिघांचे मिळून २,९५६. हिशोब निकालानंतर ३५ दिवसांत द्यायचा, तो कुणालाही जाऊन बघता येतो. निकालाला आव्हान द्यायचं तर २१ दिवसांत याचिका.

पोहे_विथ_चहा
२,९५६ पौंडांत आमच्याकडे एका चौकाचा फ्लेक्स आणि वडापाव.

सोनचाफा_४२
शेवटचा प्रश्न. हुजूरच्या ३१ मधल्या कुणी राजीनामा दिला तर यादीतला चौथा आपोआप येतो का?

मोजणी_टेबल
नाही. निवडून आलेल्यांचा कार्यकाळ ९ मेपासून सुरू झाला. जागा रिकामी झाल्यावर दोन मतदारांनी लेखी मागणी केली की ३५ कामकाजी दिवसांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीला सहा महिने उरले असतील तर जागा तशीच ठेवतात. सहा महिने एकाही बैठकीला न फिरकणाऱ्याचं पदही जातं, जर कौन्सिलने आधी परवानगी दिली नसेल तर.

पोटनिवडणूक फक्त त्या एका जागेची असते, वॉर्ड तिघांचा असला तरी. तेव्हा फुली एकच. मागच्या वेळची सवय म्हणून दोन-तीन मारणारे असतात, आणि त्या सगळ्या पत्रिका बाद होतात. मतपत्रिकेच्या वरच्या ओळीत 'किती जणांना मत द्या' ते छापलेलं असतं, पेन्सिल उचलण्याआधी ते वाचा.